जुन्या डिझेल गाडीचा अल्टरनेटर बेल्ट सारखा सैल होतो? ताणण्याआधी हे तपासा

लग्नसराई सुरू झाली, गाड्यांच्या फेऱ्या वाढल्या की ही तक्रार हमखास येते. गाडी सुमो असो, बोलेरो असो, मार्शल असो की इंडिका, बोलणं तेच. बेल्ट वाजतो. मागे ताणला होता, परत सैल झाला. "आखो (अजून) थोडा ताणी दे ना भाऊ." एक आटा मारला, आवाज थांबला की गाडीवाला खूश.

मी असा आटा मारून देत नाही. नवा बेल्ट पहिल्या काही दिवसांत पुलीच्या खाचेत बसताना थोडा सैल पडतो, तेवढा हक्क त्याला आहे. पण नीट ताणलेला, बसलेला बेल्ट महिन्याभरात पुन्हा सैल पडला, तर दोष बहुधा बेल्टचा नसतो. त्याला धरून ठेवणारं काहीतरी हललेलं असतं, नाहीतर त्याच्यावर नको तेवढं ओझं पडत असतं. दर वेळी थोडा थोडा जास्त ताणत गेलात तर आवाज थांबेल, पण पुढे अल्टरनेटरचं (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचं) आणि वॉटर पंपाचं बेअरिंग जाईल. बेल्ट काही शेकड्यांत येतो, ती कामं हजारांत जातात.

हे सगळं जुन्या व्ही बेल्टच्या (पाचरीसारख्या बेल्टच्या) गाड्यांसाठी आहे, म्हणजे ज्यात अल्टरनेटर पट्टीवर सरकवून ताण द्यावा लागतो त्या. रेघारेघांचा सपाट बेल्ट आणि स्प्रिंगचा टेन्शनर (आपोआप ताण देणारी पुली) असलेल्या नव्या गाड्यांचं काम वेगळं, त्यात इथल्या पद्धतीने हात घालू नका.

लक्षणं

सकाळी पहिला सेल्फ मारला की चिरकल्यासारखा आवाज येतो आणि मिनिटभरात थांबतो. रात्री हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू असताना रेस दिली की पुन्हा तोच आवाज. पहिल्या पावसात, पाण्याच्या डबक्यातून गाडी गेली की चिरकणं वाढतं. रेस दिली की हेडलाइट उजळतात, स्लोवर आली की पिवळे पडतात. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मंद मिणमिणतो. बोनेटच्या आतल्या बाजूला, बेल्टच्या रेषेत काळी भुकटी उडालेली दिसते. रबर जळाल्याचा वास येतो.

दोन लक्षणं लोक बेल्टशी जोडतच नाहीत. एक, घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढतो. दुसरं, ब्रेक कधी कधी दगडासारखा घट्ट लागतो.

घट्ट ब्रेकचं कारण आधी सांगतो, कारण जिवाशी गाठ तिथे आहे. पेट्रोल इंजिन हवा आत ओढताना स्वतःच व्हॅक्यूम तयार करतं आणि त्यावर ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, चालतो. डिझेल इंजिनात तसा व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप द्यावा लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्याच पाठीला बसवलेला असतो. अल्टरनेटरच्या मागून जाड रबरी नळी बूस्टरकडे गेलेली दिसली आणि शेजारी ऑइलची बारीक पाइप दिसली, तर तुमची गाडी त्यातली. त्यात बऱ्याच गाड्यांत तोच बेल्ट वॉटर पंप आणि पंखाही फिरवतो. म्हणजे बेल्ट घसरला की चार्जिंग, थंडावा आणि ब्रेक तिन्हीवर एकदम घाला. चाळीसगावहून कन्नडचा घाट भरल्या गाडीने चढा-उतरायचा असेल, नाहीतर सवाऱ्या भरून चांदसैली घाटाच्या वळणांवर जायचं असेल, तर वाजणाऱ्या बेल्टवर निघू नका.

डिझेलची आणखी एक खोड आहे. इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे चार्जिंग पूर्ण बंद असलं तरी जुन्या यांत्रिक डिझेल पंपाचं इंजिन मजेत चालत राहतं. ओढून बंद करायची तार असलेली गाडी तर बॅटरी पार उतरली तरी थांबत नाही. डिझेल पंपावर करंटने उघडणारा सोलेनॉइड (डिझेल सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) असला तर मात्र व्होल्टेज फार पडल्यावर गाडी मध्येच बंद पडते. दोन्हीत ड्रायव्हरला रोग उशिरा कळतो. धुळ्याहून निघालेला माणूस शिरपूरला चहाला थांबतो, सेल्फ मारतो आणि नुसती टकटक ऐकू येते. मग शिव्या बॅटरीला.

हात घालण्याआधी

इंजिन बंद, किल्ली खिशात. गळ्यातला गमछा, उपरणं, हातातलं कडं काढून ठेवा. रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा असेल तर तो किल्ली काढल्यावरही फिरू शकतो, त्याचा भरवसा धरू नका. अल्टरनेटरजवळ पाना लावायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेला कायम करंट असतो, पाना तिथे आणि बॉडीला एकदम लागला तर ठिणगीत पान्याचं टोक वितळतं.

आणि एक जुनी सवय सोडा. चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून "डायनामो करंट देतो का" पाहणं जुन्या डायनामोला खपून जायचं. अल्टरनेटरला खपत नाही. तार निघताच व्होल्टेज उसळतं आणि आतले डायोड किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) उडतो. अजूनही काही ठिकाणी ही परीक्षा सर्रास चालते. तुमच्या गाडीवर कुणी करायला लागलं तर हात धरा.

फुकटातल्या तपासण्या

पहिली तपासणी दिव्याची. किल्ली ऑन करा, इंजिन चालू करू नका. बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब गेला आहे किंवा तार तुटली आहे. ही किरकोळ गोष्ट नाही. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरला जागं करणारा सुरुवातीचा करंट याच बल्बमधून जातो. बल्ब गेलेला असला की अल्टरनेटर उशिरा, भरपूर रेस दिल्यावर चार्जिंगला लागतो आणि आपण बेल्टवर संशय घेत बसतो. शिवाय बेल्ट तुटल्याची सूचना देणारा तोच एक दिवा.

दुसरी ब्रेकची. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते घट्ट होईल. तसंच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, तर व्हॅक्यूम बनत नाही. बेल्ट घसरत असेल, नळी फुटली असेल, पंपच झिजला असेल किंवा बूस्टर गेला असेल. कारण सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर नको.

तिसरी आवाजाची. रेस दिली की लांब चिरका आवाज येत असेल तर बेल्ट घसरतो आहे. चिमणीसारखा तुटक, ठेक्यात चिवचिव आवाज येत असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत असं समजा. फरक नक्की करायचा असेल तर स्लोवर असलेल्या इंजिनाच्या बेल्टच्या आतल्या बाजूला लांबून फवाऱ्याने थोडं पाणी मारा, अल्टरनेटरवर नको. आवाज वाढला तर ताण कमी. क्षणभर बंद होऊन परत आला तर रेषेचा घोळ. हात आणि कपडे लांब ठेवूनच हे करायचं, एकट्याने वाकून नाही.

या वेळी बेल्टला साबण, मेण, ग्रीस, राळ असलं काही लावू नका. पिठाच्या गिरणीच्या सपाट पट्ट्याला राळ लावायची रीत आहे, ती इथे आणून उपयोग नाही. व्ही बेल्ट पकड घेतो ती दोन्ही कडांनी. त्या कडांवर काहीही चोपडलं की दोन दिवस शांतता आणि नंतर काळ्या मातीची धूळ त्यात बसून खाचेत लेप तयार.

अंगठ्याने ताण बघणं

इंजिन थंड असताना बघा. दोन पुल्यांमधला बेल्टचा सगळ्यात लांब भाग घ्या, त्याच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबा, साधारण दहा किलोच्या वजनाइतकं. बऱ्याच गाड्यांत बेल्ट १० ते १५ मिलिमीटर दबतो. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. दुसरी युक्ती, अल्टरनेटरच्या पुलीमागच्या पंख्याच्या पातीला अंगठा लावून पुली फिरवायचा प्रयत्न करा. बेल्ट जागेवर थांबून पुली त्याच्याखाली हाताने सहज सरकली तर ताण कमी आहे, यात वाद नाही.

सैल निघाला तर एकदा नीट ताणा. नीट म्हणजे काय ते सांगतो, कारण परत परत सैल होणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं इथेच असतं. अल्टरनेटर दोन ठिकाणी धरलेला असतो. एक लांब बोल्ट, ज्यावर तो झुलतो, आणि दुसरा पट्टीच्या चिरेतला बोल्ट. घाईत लोक फक्त पट्टीचा बोल्ट ढिला करतात आणि टॉमी (लोखंडी दांडा) घालून ओढतात. लांब बोल्ट घट्टच असल्यामुळे अल्टरनेटर सरकत नाही, ब्रॅकेट नुसतं वाकतं. इंजिनाच्या हादऱ्याने ते परत पूर्वीच्या जागी येतं आणि बेल्ट सैल. म्हणून दोन्ही बोल्ट ढिले करा. अल्टरनेटरला पुढच्या बाजूने, पुलीजवळच्या जाड भागाला लाकडी दांडा लावून ताण द्या. मागच्या बाजूने टॉमी लावायची नाही. तिथलं कवच पातळ असतं, आणि व्हॅक्यूम पंप असेल तर तोच वाकतो, मग ऑइल गळतं. ताण धरून आधी पट्टीचा बोल्ट आवळा, परत अंगठ्याने बघा, मग लांब बोल्ट.

पट्टीचा बोल्ट आवळताना शेवटपर्यंत घट्ट न होता गोल फिरत राहिला, तर आटे गेले आहेत. पट्टीच्या चिरेत जुन्या वॉशरने खड्डे पाडले असतील तर बोल्ट दर वेळी त्याच खड्ड्यात घसरतो. पट्टी बदला, जाड वॉशर आणि स्प्रिंग वॉशर घाला. एवढ्यानेच वर्षानुवर्षांची तक्रार संपलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

बेल्ट स्वतः

आता बेल्ट काढून हातात घ्या. दोन बोटांत उलटा वाकवून आतली बाजू बघा, भेगा तिथे दिसतात. कडा काचेसारख्या चकचकीत आणि कडक झाल्या असतील तर तो बेल्ट कितीही ताणला तरी घसरणारच. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्यात बोनेटखालची उष्णता, आणि जिनिंगच्या रस्त्याने फिरून रेडिएटरच्या जाळीत कापसाचा रुवा अडकलेला. असं तापून तापून रबर लवकर कडक होतं. जाळी साफ ठेवणं हेही बेल्टचंच काम समजा.

बेल्टला ऑइल लागलं असेल तर पुसून परत घालू नका, रबर फुगतं आणि कडा मऊ पडतात. पण नवा घालण्याआधी ऑइल कुठून येतं ते शोधा. क्रँक सील, टॅपेट कव्हर आणि व्हॅक्यूम पंपाची ऑइल पाइप या तीन जागा आधी पाहायच्या. गळती तशीच ठेवून घातलेला नवा बेल्टही त्याच रस्त्याने जातो.

आणि रुंदी. हा दोष दिसत नाही म्हणून सगळ्यात जास्त फसवतो. व्ही बेल्ट खाचेच्या दोन भिंतींवर बसतो, तळाला टेकत नाही. त्याची वरची बाजू पुलीच्या काठाच्या बरोबरीने किंवा किंचित वर असायला हवी. दुकानात तोच नसला की "हाच चालतो" म्हणून थोडा अरुंद बेल्ट दिला जातो. लांबी जुळते, गाडी चालते, पण बेल्ट खोल जाऊन तळाला टेकतो. मग पाचरीसारखी पकड उरतच नाही. कितीही ताणा, घसरतो. जुना बेल्ट सोबत नेऊन पाठीवरचा नंबर जुळवून घ्या. छापील नंबर झिजून गेला असेल तर गाडीच्या पुस्तकातला पार्ट नंबर सांगा, दोरीने लांबी मोजून नेऊ नका. जिथे दोन बेल्टची जोडी आहे तिथे दोन्ही एकदम, एकाच मापाचे बदला. एक नवा, एक जुना घातला की सगळं ओझं नव्यावर.

नवा बेल्ट घातल्यावर दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवा, थंड होऊ द्या, परत ताण बघा. मग दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा. ही दुसरी तपासणी कुणीच करत नाही आणि महिन्याभरात "नवा बेल्टही सैल निघाला" म्हणून दुकानदाराशी भांडायला जातात.

मल्टीमीटर घ्या, स्वस्तातला चालेल

बेल्ट ठीक, ताण ठीक, तरी रात्री चिरकतो. मग ओझं बघायचं.

अल्टरनेटर ५० अँपिअर देतो तेव्हा १४ व्होल्टने ७०० वॉट होतात. अल्टरनेटर घेतलेल्या ताकदीतली बरीचशी उष्णतेत घालवतो, म्हणजे बेल्टवर सुमारे दीड हॉर्सपॉवरचा भार येतो. विहिरीवरची दीड हॉर्सपॉवरची मोटर करते तेवढं काम एका बोटभर रुंदीच्या रबराने ओढायचं. त्यातही अल्टरनेटरची पुली सगळ्यात लहान, बेल्ट तिला सगळ्यात कमी वेढा घालतो, म्हणून घसरायला सुरुवात तिथूनच होते. आता गाडीला बंपरवर शंभर-शंभर वॉटचे दोन जादा दिवे, छतावर दिव्यांची पट्टी, मागे अॅम्प्लिफायर आणि वूफर. शंभर वॉटच्या एका दिव्याला साधारण ८ अँपिअर लागतात. जुन्या गाडीच्या अल्टरनेटरची कुवत तेवढी नसते. वरातीच्या गाडीचा बेल्ट टिकत नाही यात नवल काय?

थंडीत वेगळं कारण. धुळ्याकडे हिवाळ्यात पारा ६-७ अंशांपर्यंत उतरतो. ज्या इंजिनाला हीटर प्लग (थंडीत इंजिन चालू व्हावं म्हणून आत तापणारे प्लग) आहेत ते चारही मिळून पाव मिनिटात बॅटरीतून बरंच काही ओढतात, वर जड सेल्फ. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर ती तूट भरायला पूर्ण जोराने लागतो आणि थंड, कडक बेल्ट चिरकतो. मिनिटभरात थांबत असेल आणि ताण बरोबर असेल तर घाबरू नका. पाच-दहा मिनिटं चालू राहत असेल तर बॅटरी बघा.

मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावा. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. इंजिन चालू करून थोडी रेस द्या. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा असावा. आता हेडलाइट आणि ब्लोअर लावा, रेस तेवढीच ठेवा. आकडा थोडा उतरून १३.५ च्या आसपास टिकला तर चार्जिंग ठीक. आकडा पडला आणि सोबत बेल्ट वाजला तर बेल्ट घसरतोय. आकडा पडला पण बेल्ट गप्प, पुली व्यवस्थित फिरते, तर बेल्टचा काही संबंध नाही. अल्टरनेटरच्या आतले कार्बन (ब्रश), रेग्युलेटर किंवा डायोड गेलेत, ते ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम. आकडा १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर मोकाट सुटला आहे. बॅटरीचं पाणी उडत राहील, बल्ब जात राहतील. गाडी लगेच दाखवा.

बॅटरीचा एक सेल मेलेला असेल तर ती कधीच भरत नाही आणि अल्टरनेटर दिवसभर राबत राहतो. बेल्टही त्याच्यासोबत झिजतो. उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी आपल्याकडे झपाट्याने कमी होतं, पंधरा दिवसांनी झाकणं उघडून पाहा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं नाही.

तारांचीही एक तपासणी इथेच उरका. इंजिन चालू, दिवे चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. काढा, घासा, परत लावा. खर्च शून्य.

रेष आणि खाच

इथून पुढे वेळ लागतो. सगळ्या पुल्यांच्या तोंडाला एक सरळ स्टीलची पट्टी लावून बघा. पट्टी बसत नसेल तर गवंड्याची दोरी ताणून धरा. फुटामागे दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर बेल्ट तिरका चालतो, एकाच कडेने झिजतो आणि लवकर सैल पडतो. अल्टरनेटर नुकताच दुरुस्तीला गेला होता का, हा प्रश्न मी इथे नेहमी विचारतो. परत बसवताना लांब बोल्टावरचा एखादा वॉशर किंवा स्पेसर राहून जातो, नाहीतर मागचा पुढे बसतो. कधी पुलीच दुसऱ्या मॉडेलची असते, खाच दोन मिलिमीटर आत-बाहेर. जुना वॉशर जागेवर गेला की बेल्ट बरोबर चालतो.

मग खाचेत टॉर्च मारून बघा. भिंती सपाट, मंद करड्या हव्यात. तळ चकचकीत दिसला तर बेल्ट तळाला टेकतोय, म्हणजे एकतर बेल्ट अरुंद किंवा भिंती झिजून खाच रुंद झालेली. भिंतीवर बोटाला पायरी लागली तर पुली बदला. लेथवर खाच साफ करून देतो म्हणणारे भेटतात. पण भिंती कापल्या की खाच आणखी रुंद होते आणि नवा बेल्ट आणखी खाली जातो. त्या पैशांत पुली घ्या.

बोल्ट, कान आणि ब्रॅकेट

जुन्या डिझेलच्या हादऱ्याने सगळ्यात आधी मार खातो तो लांब बोल्ट. बेल्ट काढलेला असताना अल्टरनेटर हातात धरून पुढे-मागे हलवा. खडखड लागली, बोल्टाजवळ तांबूस भुकटी दिसली, तर तिथे लोखंड लोखंडावर घासतंय. बोल्ट काढून बघा, मध्ये खड्डा पडलेला असतो. अल्टरनेटरच्या कानाचं, म्हणजे बोल्ट जातो त्या कडीचं, भोकही लंबगोल होतं. बोल्ट नवीन घालून भोक तसंच ठेवलं तर काही उपयोग नाही. बेल्ट ताणला की अल्टरनेटर तिरका ओढला जातो आणि रेष पुन्हा बिघडते. चांगल्या टर्नरकडून कानात बुश बसवून घ्या.

ब्रॅकेट पुसून, टॉर्चने सगळीकडून बघा, विशेषतः कोपऱ्यांत. केसासारखी गंजलेली रेघ म्हणजे तडा. बिडाच्या ब्रॅकेटला रस्त्याकडेची वेल्डिंग टिकत नाही, टाक्याच्या शेजारून परत फुटतं. नवं किंवा सुस्थितीतलं जुनं मिळवा. लोखंडी पट्टीला वेल्डिंग करावीच लागली तर पट्टी काढून टेबलावर करा. गाडीवर करायची वेळ आली तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा सोडा, नाहीतर डायोड जातील.

बेल्ट काढलाच आहे तर पुल्या हाताने फिरवून बघा. अल्टरनेटर खरखरतो? वॉटर पंपाची पुली डुलते? पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं, तिथून पाण्याचा ओघळ आला असेल तर पंपाचं सील गेलं. याच बेल्टवर पंप असेल तर नव्या बेल्टवर पैसे घालण्याआधी पंप करून घ्या.

शेवटी क्रँक पुली, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची, बेल्टला फिरवणारी. काही इंजिनांत ती दोन कड्यांची असते, मध्ये रबर. रबर सुटलं की बाहेरचं कडं मागे राहतं, लटपटतं आणि बेल्ट कधीच स्थिर चालत नाही. पुलीच्या तोंडावर आतल्या कड्यापासून बाहेरच्यापर्यंत खडूने सरळ रेघ ओढा, बेल्ट घालून पाच मिनिटं इंजिन चालवा, बंद करून बघा. रेघ तुटून सरकली असेल तर कारण सापडलं.

इथे थांबा

क्रँक पुलीचा बोल्ट घरी उघडू नका. तो फार मोठ्या ताकदीने आवळलेला असतो, आणि ज्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे तिथे त्याच्याच मागे टायमिंगचं काम असतं. तिथे दात चुकला तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतो.

व्हॅक्यूम पंप उघडणं, ब्रेकची परीक्षा नापास झाल्यावर बूस्टर किंवा नळीत हात घालणं, अल्टरनेटर खोलून डायोड बदलणं, वॉटर पंपाचं बेअरिंग ठोकणं ही पण घरची कामं नाहीत. आणि बेल्टचे तुटलेले धागे टायमिंग कव्हरच्या फटीत गेलेले दिसले तर इंजिन पुन्हा चालू न करता टोचन करून न्या. मिस्त्रीला नुसतं "बेल्ट वाजतो" सांगू नका. आवाज कधी येतो, मीटरने काय दाखवलं, आधी काय बदललं, सगळं सांगा, म्हणजे तो आधीच झालेल्या कामाचे पैसे परत घेणार नाही.

रस्त्यात बेल्ट तुटला आणि त्याच बेल्टवर पाण्याचा पंप असेल, तर "जवळच आहे, पारोळ्यापर्यंत जाऊ" करू नका. मे महिन्याच्या दुपारी काही मिनिटांत इंजिन उकळतं आणि हेड गॅसकेट जातं. बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम एक-दोन ब्रेकचाच असतो, म्हणून गाडी लगेच, गिअरवर आवरत कडेला घ्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. सुतळी, दोरी, साडीचा काठ बांधून पुढे गेल्याच्या गोष्टी सगळ्यांकडे असतात, हेड उतरवल्याच्या गोष्टी कुणी सांगत नाही. मापाचा एक जादा बेल्ट, १२-१३ आणि १६-१७ चे पाने, लाकडी दांडा आणि टॉर्च गाडीत ठेवा. तो जादा बेल्ट बोनेटखाली नको, सीटच्या मागे सावलीत ठेवा, आणि एकदा घरी गाडीवर चढवून माप खात्रीने बघून मगच तिथे ठेवा.